मंगळवार सकाळपर्यंत खरं

सौंसरच्या त्या घरात भाडेकरू चार होते आणि न्हाणीघर एक. न्हाणीघराला आतून कडी नव्हती. बाहेर चौकटीला एक खिळा होता. आत जाणाऱ्याने आपला दुपट्टा, म्हणजे खांद्यावरचा पंचा, त्या खिळ्याला टांगायचा आणि बाहेर येताना काढून घ्यायचा, अशी पद्धत होती. एका सकाळी रामाकोन्याच्या शाळेवर जाणारे मास्तर घाईत आंघोळ उरकून बसने निघून गेले आणि दुपट्टा खिळ्यालाच राहिला. बाकीचे बादल्या घेऊन दाराशी उभे राहिले. हाक कोणी मारली नाही, कारण आत असलेल्या माणसाला हाक मारणं बरं दिसत नाही. बऱ्याच वेळाने घरमालकीण मावशी आल्या आणि त्यांनी सरळ दार ढकललं. आत कोणी नव्हतं.

रांगेतले सगळे मास्तरांच्या नावाने बोटं मोडू लागले. एक जण मात्र खूश झाला. ते टेलिफोनचे इंजिनिअर होते.

"अस्संच होते पाहा," ते मला म्हणाले. "कुलूप लावणारा निघून गेला अन् कुलूप राहून गेलं. आत कोणी नाही, बाहेर सगळे उभे. मशीनमध्ये हेच होऊन राहिलं होतं, अन् मी मशीनमध्ये शोधून राहिलो होतो."

त्या दिवशी ते आंघोळ न करताच ऑफिसात गेले.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी नागपूरच्या एका दैनिकाचा सौंसरचा वार्ताहर होतो आणि त्या चार भाडेकरूंतला एक. गावात चाचणीसाठी कपाटाएवढं एक नवं टेलिफोन एक्स्चेंज आलं होतं. ते आपल्याच देशात बनलं होतं आणि धुळीत, उन्हात, थंड हवेच्या खोलीशिवाय चालेल असं सांगितलं जात होतं. त्यातल्या प्रोग्रॅमचा सर्वात आतला भाग ज्या थोड्या माणसांनी लिहिला, त्यांतले हे एक. त्या भागाला ते कर्नेल म्हणत. मूळचे पांढुर्ण्याचे. भाषा येते म्हणून त्यांना यंत्रासोबत इकडे पाठवलं होतं, आणि ते मावशींच्या पुढच्या खोलीत राहायला आले होते. वय पंचेचाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं. गावात सगळे त्यांना इंजिनेरबाबू म्हणत आणि अहोजाहो करत. मावशी तेवढ्या एकेरीवर होत्या.

त्यांच्या सवयींपैकी सर्वात त्रासदायक सवय चिमट्यांची. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे ते दोरीवरून काढून स्वतःच्या सदऱ्याला लावत. त्यांच्या डोक्यात प्रोग्रॅम चालू असे, आणि त्यातल्या एखाद्या कामाने यंत्रातला माहितीचा एखादा तक्ता अडवून ठेवला की खिशाला एक चिमटा लागे. काम सुटलं की चिमटा निघे. लावला त्यानेच काढायचा, हा नियम चिमट्यालाही होता. मावशींनी एकदा बोलता बोलता त्यांच्या बाहीचा एक चिमटा काढला, तर त्यांना सगळा विचार पहिल्यापासून करावा लागला. ते तसेच बाजारात जात. भाजीवाल्या बायका पदर तोंडाला लावत. मावशींची लुगडी दोरीवरून उडून शेजारच्या गोठ्यात पडत.

"चिमटे दे माझे," मावशी अंगणातून सांगत. "तुह्या आंगाले काय वाळवाचं आहे?"

दुसरी सवय बोलण्याची होती. त्यांना कोणतीही गोष्ट साध्या वर्तमानकाळात सांगता येत नसे. मावशी घरी आहेत का, असं विचारलं तर ते म्हणत, सकाळी होत्या. दूध संपलं का, तर मी पाह्यलं तेव्हा संपलं होतं. पांढुर्ण्याच्या बसचं वेळापत्रक त्यांनी स्टँडवरून उतरवून आणून ओसरीच्या भिंतीला चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'मंगळवार सकाळपर्यंत खरं.' वर्तमानपत्राच्या धंद्यात आम्हालाही हीच सवय लावतात. पण आम्ही ती छापण्यापुरती ठेवतो. ते ती वरणालाही लावत. जेवताना मावशींनी मीठ बरोबर आहे का विचारलं, की ते म्हणत, आतापर्यंत आहे.

त्यांचं काम त्यांनी मला समजावून सांगितलं होतं ते असं. यंत्राच्या आठवणीत एक तक्ता असतो. कोणाचा फोन उचललेला आहे, कोण कोणाशी बोलत आहे, पांढुर्ण्याकडची कोणती तार मोकळी आहे, हे सगळं त्यात. यंत्रातली अनेक कामं एकाच वेळी त्या तक्त्याकडे धावतात. एक वाचत असताना दुसऱ्याने लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या हाती अर्धं जुनं आणि अर्धं नवं येतं. त्यावर उपाय दोन. एक तर तक्त्याला कुलूप लावायचं: एकाचं होईपर्यंत बाकीच्यांनी उभं राहायचं. नाहीतर नक्कल द्यायची: ज्याला हवी त्याने तक्त्याची नक्कल घ्यावी आणि बाजूला बसून आपलं काम करावं. कुलपात माणसं खोळंबतात. नकलेत कोणी खोळंबत नाही, पण नक्कल हातात पडल्या क्षणापासून जुनी होऊ लागते.

ते स्वतः कुलपाच्या बाजूचे होते. कुलूप लावणाऱ्यासाठी त्यांचे नियम होते आणि ते त्यांनी घरातही लागू केले होते. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. लावून गावाला जायचं नाही. आणि सर्वात मोठा नियम, जो ते मुलांच्या पाढ्यासारखा म्हणत: कुलूप हातात धरून झोपायचं नाही. म्हणजे एखादी वस्तू अडवून ठेवून दुसऱ्या कशाची तरी वाट पाहत बसायचं नाही. मास्तर एकदा उखळ अडवून, मिरच्या येण्याची वाट पाहत बसले होते. त्यांना इंजिनेरबाबूंनी उठवलं.

मावशी विधवा होत्या. त्यांचा एकुलता मुलगा वसंता पांढुर्ण्याला एका संत्रा व्यापाऱ्याकडे कामाला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि दोन काठांची गावं एकमेकांवर दगड चालवतात. वसंता दर वर्षी जामसांवलीच्या मारुतीसमोर शपथ घेई की यंदा नदीवर जाणार नाही, आणि दर वर्षी जाई. त्या दिवशी मावशींच्या घरात चूल पेटत नसे. त्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, तिथल्या फोनपाशी बसून राहत. पूर्वी ऑपरेटरला सांगून वाट पाहावी लागे. इंजिनेरबाबूंनी त्यांना सांगितलं होतं की आता उचलाल आणि लागेल.

नव्या यंत्राच्या पहिल्या गोटमारीला दुपारी साऱ्या सौंसरचे फोन बंद पडले. रिसीव्हर उचलला तर आत काही नाही. टेलिफोन ऑफिसात काय झालं ते त्यांनी नंतर सांगितलं. कोणीतरी पांढुर्ण्याला फोन लावला. त्या कामाने तक्त्याला कुलूप घातलं आणि पांढुर्ण्याच्या उत्तराची वाट पाहत राहिलं. तिकडे त्या दिवशी कोणालाच उत्तर द्यायला सवड नव्हती. इकडे त्या एका कुलपामागे सगळं गाव उभं. कुलूप हातात धरून झोपलेलं ते काम दुसऱ्या कोणी लिहिलेलं नव्हतं.

यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं तर सुरू असलेली बोलणी तुटणार होती. त्यांनी ते केलं, पण तोवर दिवेलागण झाली होती. मावशी दुकानाच्या पायरीवर दुपारपासून बसून होत्या. बातमी शेवटी बसच्या कंडक्टरने आणली. वसंताला खरचटलंही नव्हतं. मावशी मात्र पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी इंजिनेरबाबू त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि त्यांनी प्रश्न विचारला. माफी मागितली नाही.

"मावशी, खबर उशिरा आली तं चालते का जुनी आली तं चालते?"

"मले आत्ताची पाहिजे."

"ते होत नाही."

"मंग तू कायले इंजिनेर झाला?"

 मग त्यांनी पुन्हा विचारलं, दोन्हीपैकी एकच मिळत असेल तर. मावशी म्हणाल्या, "वाट पाह्याले लावू नोको, बाप्पा. माणूस वाट पाहून पाहून मरते. खोटी सांग, पण सांग."

त्यावर ते उठून गेले. ते का उठून गेले, हे मला पुढे एका शनिवारी कळलं. मावशींचा नवस फेडायला आम्ही तिघं जामसांवलीला गेलो होतो. तिथली मारुतीची मूर्ती आडवी, निजलेली आहे. दर्शनाची रांग मोठी होती. ते रांगेत आले नाहीत. देव निजलेलाच आहे, त्याला कुठं जायची घाई, असं म्हणून बाहेर चपलांपाशी बसले. मीही बसलो. मावशी आत गेल्यावर त्यांनी एकदाच ते सांगितलं, आणि मी विचारलेलं नसताना.

"माझा बाप गोटमारीत गेला. मी लहान होतो. दुपारी एक जण घरी सांगत आला, बरा आहे, आताच पाह्यलं, नदीवर चहा पिऊन राहिला. मायनं चूल पेटवली. आम्ही जेवलो." मग त्यांनी समोरच्या चपला जोडीने लावल्या. "तो माणूस खोटं नव्हता बोलला. त्यानं पाह्यलं तेव्हा बाप चहाच पिऊन राहिला होता."

मावशी प्रसाद घेऊन आल्या. इंजिनेरबाबूंनी तो दोन्ही हात पुढे करून घेतला.

तरीही त्यांनी मावशींचं ऐकलं. कुलूप काढून त्यांनी यंत्राला नकलेवर चालवायला सुरुवात केली. मुख्यालयातून जुनंच ठेवा असा निरोप आला, तो त्यांनी मनावर घेतला नाही. फोन झटपट लागू लागले. व्यापारी खूश झाले, आणि दुकानदाराने त्यांना सुपारी खायला घातली. पुढे काही आठवडे गेले आणि लग्नाचं प्रकरण झालं.

एका वधूपित्याने सकाळी नागपूरला फोन लावायला रिसीव्हर उचलला, तर त्याला दोन माणसं बोलताना ऐकू आली. एक त्याच्या होणाऱ्या जावयाचा बाप होता. तो आपल्या साडूला सांगत होता की पोरगी बरी आहे, पण तिचा बाप फार बोलतो, लग्न लागेपर्यंत सहन करू. वधूपित्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि मग मध्येच बोलला. पुढचा तास साऱ्या गावाला पुरला. यंत्राच्या एका कामाने जुनी नक्कल पाहिली होती. नकलेत ती तार मोकळी होती; प्रत्यक्षात तिच्यावर दोन माणसं बोलत होती.

लग्न मोडलं नाही. दोन्ही बाप आता फार बोलत नसत, इतकंच. पण इंजिनेरबाबूंनी चार दिवस जेवण नीट घेतलं नाही. त्यांच्या सदऱ्यावर इतके चिमटे लागले की मावशींनी बाजारातून नवे आणले. वधूपित्याची बातमी मी पेपरला द्यावी का, असं मी गमतीने विचारलं. ते म्हणाले, द्या, पण खाली लिहा, सकाळपर्यंत खरं.

मग त्यांनी जे केलं ते त्यांनी मला ओसरीवर, न्हाणीघराच्या खिळ्याकडे बोट दाखवत सांगितलं. सगळा विचार नकलेवर करायचा. कोणाला कोण पाहिजे, कोणती तार मोकळी, कितीही वेळ लागो; कोणी खोळंबत नाही. पण जोडणी करायच्या अगदी आधी मूळ तक्त्याला कुलूप लावायचं, आणि त्या कुलपात एकच गोष्ट पाहायची: माझी नक्कल अजून खरी आहे का. असेल तर जोडायचं. नसेल तर नक्कल फेकायची आणि पुन्हा पहिल्यापासून. कुलूप पापणी लवण्याइतकं. त्यात वाट पाहणं नाही, झोपणं नाही.

"म्हणजे निघताना ऐकीव बातमीवर निघा," ते म्हणाले, "पण दार उघडाच्या आधी एकदा डोळ्यानं पाहा."

पुढच्या गोटमारीला यंत्र बंद पडलं नाही. आभाळ मात्र सकाळपासून गळत होतं, आणि पांढुर्ण्याकडे जाणाऱ्या तारांपैकी एकच चालू राहिली होती. किराणा दुकानात लोक फोनसाठी उभे होते. मीही होतो, जखमींची माहिती घेऊन मला ती नागपूरला कळवायची होती. इंजिनेरबाबू ऑफिसातून मुद्दाम दुकानात आले होते. यंत्र आतून त्यांनी खूप पाहिलं होतं, आज त्यांना ते बाहेरून पाहायचं होतं. मावशींचा नंबर आला. त्यांनी उचलला आणि लागला. दुकानदार म्हणाला, वा, बाबू.

पलीकडे व्यापाऱ्याचे मुनीम होते. त्यांनी सांगितलं, वसंता बरा आहे, बाई, काळजी नका करू. मावशींचा चेहरा सैल झाला. त्या रिसीव्हर खाली ठेवणार, तेवढ्यात इंजिनेरबाबू म्हणाले, "कधी पाह्यलं, विचारा."

मावशींनी विचारलं. मुनीम म्हणाले, सकाळी, डबा खाताना.

 इंजिनेरबाबूंनी मावशींच्या हातातून रिसीव्हर घेतला. मुनिमांना त्यांनी सांगितलं की फोन बंद करू नका, असाच टेबलावर ठेवा, आणि जाऊन पाहून या. नदीच्या काठापर्यंत जाऊ नका. दवाखान्यात पाहा, पुलाच्या अलीकडे पाहा. मुनिमांनी काहीतरी कुरकुर केली असावी. "मी लाइन धरून आहो," एवढं ते म्हणाले आणि उभे राहिले. मोकळ्या हाताने त्यांनी खिशातून एक चिमटा काढला आणि कॉलरला लावला.

पांढुर्ण्याला जाणारी एकच तार होती आणि ती आता एका रिकाम्या टेबलावर पडली होती. एकाचा मेहुणा तिकडे होता, एकाचा भाऊ. मागचे लोक बोलू लागले. शेवटी दुकानदार म्हणाला, "बाबू, तुमीच तं सांगता ना, धरून बसू नये म्हणून."

"हाव," ते म्हणाले. "चूकच आहे हे."

आणि त्यांनी रिसीव्हर सोडला नाही. पाऊस पत्र्यावर वाजत होता. मावशी पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे खालून पाहत होत्या. ज्याचा मेहुणा तिकडे होता तो एकदा जवळ आला आणि मागे गेला. ते कोणाकडे पाहत नव्हते. पलीकडच्या रिकाम्या खोलीतला आवाज ऐकत होते. तिथे पंखा चालू होता, असं ते नंतर म्हणाले.

मग त्यांनी रिसीव्हर मावशींपुढे केला.

वसंताला दगड भुवईवर लागला होता. दवाखान्याच्या ओट्यावर पट्टी बांधून घेत असताना मुनिमांना तो सापडला आणि त्यांनी त्याला तसाच धरून आणला होता. मावशींनी विचारलं, "दोन्ही डोळ्यानं दिसते ना?" मग विचारलं, "आत्ता दिसते ना?" उत्तर आल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "जेवून घे. अन् ठेव आता, इथी लोक खोळंबले."

मेहुण्याचा फोन लागला, भावाचा लागला. माझा नंबर सर्वात शेवटी आला आणि माझी बातमी पहिल्या आवृत्तीत गेली नाही. संपादकांनी उशिराचं कारण विचारलं. लाइन व्यस्त होती, असं मी सांगितलं.

घराकडे येताना मावशींचं लक्ष त्यांच्या कॉलरकडे गेलं. चिमटा तसाच होता. लावला त्यानेच काढायचा, हा नियम त्यांना माहीत होता. त्यांनी हात वर करून तो काढला, आपल्या पदराला लावला आणि चालू लागल्या. ते मागून चालत आले. त्या संध्याकाळी मावशींनी चूल पेटवली.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. यंत्र दुसऱ्या गावांना गेलं, त्याच्यामागे ते गेले. ओसरीवरचं वेळापत्रक बसच्या वेळा बदलल्या तरी मावशींनी काढू दिलं नाही. मीही सौंसर सोडलं. त्यांची माझी भेट त्यानंतर एकदाच झाली, इटारसीकडे जाताना, तिगावच्या स्टेशनवर. क्रॉसिंगसाठी गाडी थांबली होती आणि ते समोरच्या गाडीत खिडकीशी बसले होते. सदऱ्याला दोन चिमटे होते. त्यांनी हात वर केला आणि गाडी हलली.

सौंसरची जुनी माणसं अजून कधी भेटली तर विचारतात, इंजिनेरबाबू कसे आहेत. मी पाहिलं तेव्हा बरे होते.